आग्रह, नकार आणि उंबरठा : रशिया, जपान किंवा ब्रिटनला निघण्यापूर्वी

सांगली-साताऱ्याकडच्या घरात पाहुण्याने "आता नको, पोट भरलं" असे म्हणायचे, वहिनींनी "एवढी अर्धीच घ्या की" म्हणत अख्खी भाकरी ताटात टाकायची आणि पाहुण्याने "कशाला ओ" असे पुटपुटत ती संपवायची, हा व्यवहार दोन्ही बाजूंना इतका पाठ असतो की त्यातला "नको" कोणीच खरा धरत नाही. पहिला नकार ही रीत असते, दुसरा संकोच असतो आणि तिसऱ्या नकारानंतर कुठे पाहुण्याचे पोट खरोखर भरले असावे अशी शंका यजमानाला येऊ लागते. परदेशी जाणारा आपल्याकडचा मुलगा पासपोर्ट, गरम कपडे आणि मेतकुटाच्या पुड्यांबरोबर ही मोजणीही नकळत बांधून नेतो, आणि माझ्या पाहण्यात त्याचे तिथले निम्मे घोटाळे या मोजणीतूनच झालेले आहेत.

मी सांगलीत विश्रामबागला जपानी भाषेचे वर्ग घेते. त्यापूर्वी तीन वर्षे नागोयाजवळच्या एका कारखान्यात दुभाषी म्हणून काम केले. भाचा रशियात वैद्यकीय शिक्षणाच्या चौथ्या वर्षाला आहे आणि धाकटी बहीण लेस्टरला संसार करते, त्यामुळे तीन देशांच्या तक्रारी एकाच संध्याकाळी फोनवर ऐकण्याची मला सवय झाली आहे. वर्गात येणारी मुले कुपवाडच्या एमआयडीसीतून, कराड, वाई, तासगावकडून येतात. व्हिसा, बँकेतली शिल्लक आणि बॅगेचे वजन यांविषयी ती खोदून खोदून विचारतात, पण कोणाच्या घरी गेल्यावर कसे वागायचे हे फारसे कोणी विचारत नाही. पुढील मजकूर त्या न विचारलेल्या प्रश्नांसाठी आहे. मॉस्को आणि सायबेरियातले खेडे, टोकियो आणि ओसाका, लंडन आणि ग्लासगो यांच्यात फरक असतोच आणि रीत मोडणारी माणसेही सगळीकडे भेटतात. तरीही नवख्याने आधी रीत पाळावी आणि सूट नंतर घ्यावी, हे बरे.

सुरुवात हाक मारण्यापासून करावी, कारण पहिली चूक तिथेच होते. रशियाला जाणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला या बाबतीत एक सोय आहे, जिची त्याला बहुधा कल्पना नसते. रशियन माणसाचे पूर्ण नावही आपल्यासारखेच तीन पदरी असते: स्वतःचे नाव, वडिलांच्या नावावरून आलेले नाव आणि आडनाव. इवान पेत्रोविच म्हणजे प्योत्रचा मुलगा इवान. आन्ना सेर्गेयेव्ना म्हणजे सेर्गेईची मुलगी आन्ना. आपल्याकडे वडिलांचे नाव सातबाऱ्यावर, शाळेच्या दाखल्यावर आणि लग्नपत्रिकेत दिसते, तोंडी बोलण्यात येत नाही. रशियात मात्र प्राध्यापकांना, डॉक्टरांना आणि वयाने मोठ्या परिचितांना स्वतःचे नाव आणि वडिलांचे नाव जोडूनच हाक मारतात आणि आडनाव सोडून देतात. "सर" आणि "मॅडम" यांवर तिथे निभावत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यातच प्रत्येक शिक्षकाची ही दोन नावे वहीत लिहून घ्यावीत आणि मोठ्याने म्हणून पाठ करावीत. फरक एवढाच की लग्नानंतर आपल्याकडे बाईच्या नावापुढे वडिलांच्या जागी नवऱ्याचे नाव लागते, तर रशियन बाईने आडनाव बदलले तरी वडिलांचे नाव तिच्यापाशीच राहते. तू आणि तुम्ही हा भेदही रशियनमध्ये आहे, 'ति' आणि 'वि' असा. मोठ्या माणसाने स्वतःहून "आता 'ति' म्हण" असे सांगेपर्यंत 'वि' सोडू नये, आणि अलेक्सान्द्रला साशा किंवा मारियाला माशा म्हणण्याची घाईही करू नये. शेजारच्या काकांना पहिल्याच भेटीत "बाळ्या" म्हटल्यासारखे ते होईल.

जपानमध्ये आडनाव आधी येते आणि त्याला 'सान' जोडायचे असते, हे मुलांना माहीत असते. स्वतःच्या नावाला मात्र 'सान' कधीही लावायचे नसते, हे समजावूनही पहिल्या दिवशी विसरले जाते. त्याहून अवघड गोष्ट पुढे आहे. आपल्या कंपनीच्या साहेबांविषयी बाहेरच्या गिऱ्हाइकाशी बोलताना त्यांच्या आडनावाचे 'सान' काढून टाकायचे असते, कारण बाहेरच्या माणसासमोर आपला साहेब हा आपल्या घरातला माणूस ठरतो आणि घरच्या माणसाला परक्यासमोर मान देणे हा उद्धटपणा मानतात. "आमचे साहेब आले आहेत" असे म्हणण्यात वाढलेल्या माणसाला "तानाका आला आहे" अशा अर्थाचे वाक्य उच्चारताना जीभ जड होते. मला पहिले सहा महिने हे जमले नाही, आणि ज्यांचा मान राखण्यासाठी मी धडपडत होते त्या विभागप्रमुखांनाच माझ्यामुळे गिऱ्हाइकासमोर खाली पाहावे लागले. ब्रिटनमध्ये याच्या नेमके उलट, प्राध्यापकसुद्धा पहिल्या नावाने बोलवा असे सांगतात. पहिली ईमेल 'डॉक्टर' किंवा 'प्रोफेसर' आणि आडनाव घालून लिहावी, आणि उत्तराखाली त्यांनी जी सही केलेली असेल त्या नावाने पुढची ईमेल सुरू करावी, एवढा नियम पुरतो.

हाक जमली की दारापर्यंत पोहोचता येते. आमंत्रण आलेच तर रशियात रिकाम्या हाताने जाऊ नये. केक, चॉकलेट किंवा फुले न्यावीत. फुलांची संख्या मात्र मोजून विषम घ्यावी, तीन, पाच, सात अशी, कारण सम संख्येची फुले अंत्यविधीला वाहतात. आहेराच्या पाकिटात शंभराऐवजी एकशे एक घालणाऱ्या आपल्या माणसांना हे लगेच पटते. जपानमध्येही लग्नाच्या आहेरात नोटांची संख्या विषम ठेवण्याची रीत आहे आणि नोटा बँकेतून कोऱ्या करकरीत आणतात. दुःखाच्या प्रसंगी मात्र कोरी नोट देत नाहीत, कारण मृत्यूची वाट पाहत तयारी करून ठेवल्यासारखे ते दिसते. रशियन घराच्या उंबरठ्यावर उभे राहून हस्तांदोलन करू नये. आत यावे किंवा यजमानाला बाहेर येऊ द्यावे, आणि हातमोजा काढूनच हात पुढे करावा. बूट दाराशी काढायचे असतात आणि घरात घालण्यासाठी सपाता मिळतात. वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी देणे तिथे अशुभ मानतात, तेव्हा भारतात बारा वाजले म्हणून तिथल्या मित्राला फोन करण्यापूर्वी त्याच्या घड्याळात किती वाजले आहेत ते पाहावे.

जपानी घरात बूट काढण्याची जागा खोलगट असते; बूट काढून वर पाय ठेवायचा आणि मग बुटांची तोंडे दाराकडे वळवून ठेवायची. तातामी म्हणजे गवती चटईच्या खोलीत सपाताही चालत नाहीत, आणि शौचालयाच्या सपाता शौचालयातच ठेवून यायच्या असतात. याहून मोठी चूक मी न्हाणीघरात केली. तिथे टबाबाहेर बसून साबण लावून अंग स्वच्छ धुवायचे आणि मगच टबातल्या कढत पाण्यात बसायचे असते, आणि तेच पाणी घरातली सगळी माणसे एकामागून एक वापरतात. पाहुण्याला पहिला मान असतो. मला मान मिळाला आणि मी आपल्या सवयीने, दुसऱ्याला आपले वापरलेले पाणी कशाला, असा सद्भाव मनात धरून जाताना बूच काढले. बाहेर आल्यावर कोणी काही बोलले नाही. आजींनी हसून "पाणी गरम होतं ना" एवढेच विचारले आणि थोड्या वेळाने न्हाणीघरातून टब पुन्हा भरत असल्याचा आवाज आला. जपानमध्ये चूक तोंडाने सांगितली जाईल अशी वाट पाहू नये, आणि प्रत्येक नव्या ठिकाणी "इथे कसे करतात, दाखवता का" असे आधी विचारून घ्यावे. परक्याने विचारलेले कोणालाही आवडते.

भेटवस्तूंबाबत सातारकरांना कंदी पेढ्यांचा भरवसा असतो आणि जपानच्या बाबतीत तो सार्थ आहे, कारण सुट्टीवरून परतताना त्या त्या गावचा प्रसिद्ध खाऊ कार्यालयात वाटायचा, ही 'ओमियागे'ची रीत तिथे काटेकोरपणे पाळली जाते. फक्त खाऊ सुटा नेऊ नये; जितकी माणसे तितके वेगवेगळे बांधलेले नग असावेत, म्हणजे प्रत्येकाच्या टेबलावर ठेवून जाता येते. भेट देताना आपण "गोड मानून घ्या" म्हणतो, तसेच तेही "अगदी क्षुल्लक आहे" असे म्हणून दोन्ही हातांनी पुढे करतात. घेणारा ती बहुधा आपल्यासमोर उघडत नाही. त्याचा अर्थ आवडली नाही असा घेऊ नये. चार या संख्येचा उच्चार मृत्यू या शब्दासारखा होत असल्याने चार नगांचा संच टाळावा. ब्रिटनला जाताना मात्र पेढे घरीच ठेवावेत, कारण भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून आत नेण्यास तिथे मनाई आहे. भडंग चालेल. सांगलीची हळद परदेशी माणसाला भेट म्हणून देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तो ती कौतुकाने घेतो, फडताळात ठेवतो आणि तिचे काय करायचे हे त्याला अखेरपर्यंत कळत नाही.

आता ताटाकडे येऊ. रशियन यजमान आग्रहाच्या बाबतीत आपला सख्खा भाऊ शोभतो. टेबलावर जागा उरणार नाही इतके पदार्थ मांडलेले असतात, रिकामी ताटली दिसली की ती पुन्हा भरली जाते आणि पहिल्या नकाराला तिथेही फारशी किंमत नसते, म्हणून पोट भरले असेल तर ताटलीत थोडे शिल्लक ठेवूनच हात थांबवावा. दारू न पिणाऱ्याने मात्र आपली संकोचाची भाषा तिथे वापरू नये. "आज नको", "थोडीशीच" असे म्हटले की आग्रहाला दार उघडते. "मी पीत नाही" असे पहिल्याच वेळी हसून पण ठामपणे सांगावे, ग्लासात रस घ्यावा आणि प्रत्येक शुभेच्छेच्या वेळी इतरांबरोबर तो ग्लास उचलावा. शुभेच्छेत सामील न होणे हे न पिण्यापेक्षा जास्त खटकते. शाकाहारी व्यक्तीने रशियात आणि जपानमध्ये काय खात नाही याची यादी सांगावी, नुसते "शाकाहारी" म्हणू नये. रशियन सूपचा रस्सा बहुधा मांसाचा असतो आणि जपानी सूप, भाजी, सॉस यांत माशाच्या कातळ्यांचा अर्क घातलेला असतो. हे आमंत्रण स्वीकारतानाच सांगावे, वाढल्यानंतर सांगू नये.

जपानी जेवणाआधी "इतादाकिमासु" म्हणायचे असते. "वदनी कवळ घेता" म्हणत वाढलेल्यांना त्याचे नवल वाटायला नको. भाताच्या वाटीत जेवायच्या काड्या उभ्या खुपसू नयेत, कारण मृताला वाढलेल्या भातात त्या तशा रोवतात, आणि एका काडीवरून दुसऱ्याच्या काडीत घास देऊ नये, कारण दहनानंतर अस्थी तशा उचलल्या जातात. पिंडाचा भात कसा असतो हे ज्याने पाहिले आहे त्याला याचे गांभीर्य वेगळे सांगावे लागणार नाही. पेला रिकामा दिसला की शेजारचा माणूस भरतो. नको असेल तर तो भरलेलाच ठेवावा. क्योटोविषयी तर असे सांगतात की यजमानाने "चहा-भात घ्याल का" असे विचारले की पाहुण्याने उठून निघायचे असते. क्योटोची माणसेच ही गोष्ट हसत सांगतात, आणि पुण्याच्या चहावर विनोद करणाऱ्या सांगलीकराला ती ऐकून घरी आल्यासारखे वाटते.

ब्रिटनमध्ये आपल्या मोजणीचा पुरता पराभव होतो. बहीण लेस्टरला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात शेजारणीने तिला घरात बोलावून चहा विचारला. तिने रीतीप्रमाणे "नो, थँक यू" म्हटले, शेजारणीने "बरं" म्हणून स्वतःपुरता चहा केला आणि समोर बसून प्यायली. थंडीने गारठलेली माझी बहीण दुसऱ्या वेळी विचारले जाईल म्हणून अर्धा तास वाट पाहत राहिली. शेजारणीचा त्यात काही दोष नव्हता. तिथे समोरच्याचा नकार पहिल्याच वेळी मान्य करणे यालाच आदर म्हणतात, आणि पुन्हा पुन्हा विचारणे म्हणजे त्याच्या शब्दावर विश्वास न ठेवणे. हवे असेल तर पहिल्याच वेळी "येस, प्लीज" म्हणावे. आपण यजमान असू तेव्हा दुसऱ्यांदा एकदाच विचारावे आणि तिसऱ्यांदा विचारू नये. जेवायला बोलावले असेल तर ठरलेल्या वेळेआधी कधीही पोहोचू नये, पाच-दहा मिनिटे उशीर चालतो. जपानमध्ये मात्र कामाच्या ठिकाणी पाच मिनिटे आधी हजर असणे म्हणजे वेळेवर येणे. ब्रिटिश घरी जेवून आल्यावर दुसऱ्या दिवशी आभाराचा संदेश पाठवायला विसरू नये.

नकार ओळखणे हे नकार देण्यापेक्षा अवघड आहे, म्हणून त्यावर थोडे अधिक लिहिते. रशियन माणूस "न्येत" म्हणतो तेव्हा तो नकार असतो आणि तो कानाला कडक वाटतो. अनोळखी माणसाकडे पाहून हसण्याची तिथे पद्धत नाही, कारण विनाकारण हसणे हे वेडगळपणाचे लक्षण आहे अशी तिथली म्हणच आहे. त्यामुळे दुकानदार, कारकून आणि प्राध्यापिका रागावलेल्या आहेत असे भाच्याला पहिले वर्षभर वाटत होते. त्याच प्राध्यापिकेने तो आजारी पडल्यावर घरून सूप पाठवले. चेहऱ्यावरून निष्कर्ष काढू नये, कामाचे बोलावे, आणि ओळख झाल्यावर तीच माणसे किती मोकळी होतात ते पाहावे. बोलायला विषय हवा असेल तर जुन्या पिढीला राज कपूर अजून आठवतो. आपल्याकडच्या मुलांनी हेही सांगावे की वाळवा तालुक्यातील वाटेगावचे अण्णा भाऊ साठे १९६१ साली रशियात जाऊन आले, त्या प्रवासावर त्यांनी पुस्तक लिहिले, आणि २०२२ साली मॉस्कोतील परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा बसला. युक्रेन युद्धावर मात्र मत विचारू नये आणि देऊही नये. सैन्याची बदनामी हा २०२२ पासून तिथे कायद्याने गुन्हा आहे आणि आपल्या सहज प्रश्नाने समोरचा माणूस अडचणीत येऊ शकतो.

जपानी माणूस "नाही" हा शब्द शक्यतो उच्चारतच नाही. "ते जरा..." असे म्हणून वाक्य अर्धवट सोडले, दातांतून हवा आत ओढली, "अवघड आहे" किंवा "विचार करून पाहतो" असे म्हटले, की तो नकार समजावा आणि विषय बदलावा. उलट, आपण बोलत असताना तो "हाय, हाय" म्हणत असतो, त्याचा अर्थ "ऐकतो आहे" एवढाच असतो. त्याला होकार समजून काम सुरू करू नये. मुलांना हे विचित्र वाटते, तेव्हा मी त्यांना विचारते की गावाकडे उसनवारी मागायला आलेल्याला तुमचे आजोबा काय म्हणतात. "बघू की" म्हणतात, आणि मागणारा समजायचे ते समजून चहा पिऊन जातो. आडून नकार देणे आपल्याला परके नाही, फक्त खुणा वेगळ्या आहेत.

ब्रिटिश नकाराला तर साताऱ्याने फार जुन्या काळी तोंड दिले आहे. १८३९ साली छत्रपती प्रतापसिंह महाराजांना कंपनी सरकारने गादीवरून काढल्यावर त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते दाद मागण्यासाठी लंडनला गेले आणि सुमारे चौदा वर्षे तिथे अर्ज, निवेदने आणि भेटी करत राहिले. मधल्या काळात महाराज काशीला वारले, १८४८ साली सातारचे राज्यच खालसा झाले, आणि रंगो बापूजी १८५३ च्या सुमारास हात हलवत परतले. त्या राजकारणाची तुलना आजच्या शिष्टाचाराशी करता येणार नाही, हे मला कळते. पण बोलणे गोड आहे म्हणून उत्तर होकाराचे असेल असे मानू नये, एवढे त्यातून घेता येते. ब्रिटिश मार्गदर्शक तुमच्या प्रबंधाविषयी "इंटरेस्टिंग" म्हणाले तर त्यांना तो पटलेला नसण्याची शक्यता जास्त आहे. "नॉट बॅड" म्हणजे चांगले आहे, "क्वाइट गुड" म्हणजे बरे आहे, "लक्षात ठेवीन" म्हणजे बहुधा विसरणार आहे, आणि "एकदा जेवायला या" याला तारीख नसेल तर ते आमंत्रण नाही. तारीख, वेळ आणि पत्ता आला की तयारीला लागावे. शंका असेल तेव्हा "मी यात नेमका कोणता बदल करू" असा थेट प्रश्न विचारावा. तसा विचारल्यावर बहुतेक जण स्पष्ट सांगतात.

आपल्या नेहमीच्या प्रश्नांपैकी पगार, वय, लग्न आणि मूलबाळ हे चारही ब्रिटनमध्ये ओळख मुरेपर्यंत बंद ठेवावेत. हवामानावर बोलावे, ते पोकळ वाटले तरी दोन अनोळखी माणसांना एकमेकांचा अंदाज घ्यायला तेवढा वेळ मिळतो. "यू ऑलराइट?" हा प्रश्न नसून नमस्कार आहे, त्याला तब्येतीचा वृत्तान्त सांगू नये. रांग मोडू नये, बसमधून उतरताना चालकाचे आभार मानावेत, मागून येणाऱ्यासाठी दार धरून ठेवावे. जपानमध्ये वय विचारले जाते, कारण आदरार्थी रूप कोणते वापरायचे हे त्यावर ठरते, आणि गप्पांत रक्तगटही विचारतात. कोणी आजारी आहे का, असा समज करून घेऊ नये.

जपानी कारखान्यात जाणाऱ्यांनी 'होरेनसो' हा एक शब्द पाठ करून जावे. त्याचा अर्थ पालकाची भाजी असा होतो, पण कामाच्या ठिकाणी तो कळवणे, निरोप देणे आणि सल्ला घेणे या तीन शब्दांच्या आद्याक्षरांतून बनवलेला आहे. आपल्याकडचा हुशार कारागीर यंत्र बिघडले की आधी स्वतः खटपट करतो आणि दुरुस्त झाल्यावर साहेबांना अभिमानाने सांगतो. तिथे हीच गोष्ट दोष ठरते, कारण बिघाड झाला त्याच क्षणी कळवायला हवे होते. चूक झाल्यावर आधी माफी मागावी, ती का झाली हे विचारले तरच सांगावे. माझ्या एका विद्यार्थ्याने बस उशिरा आल्याचे खरे कारण आधी सांगितले आणि माफी नंतर मागितली. त्याचे खरे बोलणे सबब ठरले.

मैत्री आणि प्रेमाविषयी मुले मला थेट विचारत नाहीत, पण सांगणे भाग आहे. रशियन माणूस ओळखीचा आणि मित्र यांत कडक भेद करतो. मित्र व्हायला वेळ लागतो, पण झाल्यावर तो रात्री दोनला स्टेशनवर घ्यायला येतो आणि तशीच अपेक्षाही ठेवतो. आठ मार्चला वर्गातील मुलींना आणि शिक्षिकांना फुले द्यायला विसरू नये. जपानमध्ये आवडणाऱ्या व्यक्तीला "माझ्याबरोबर फिरशील का" अशा अर्थाचे स्पष्ट विचारून मगच जोडी मानली जाते, आणि चौदा फेब्रुवारीला मुली चॉकलेट देतात, त्याची परतफेड मुलांनी चौदा मार्चला करायची असते. कार्यालयात सर्वांना वाटलेले चॉकलेट तुम्हालाही मिळाले तर त्यावर स्वप्ने रचू नयेत. आणि ताटावरचा आग्रह इथे तर अजिबात आणू नये. एकदा "नको" म्हटलेल्या मुलीला पुन्हा पुन्हा संदेश पाठवणे, तिच्या वाटेवर थांबणे, मैत्रिणींकडून निरोप धाडणे, हे आपल्या सिनेमांनी कितीही गोड करून दाखवले असले तरी ब्रिटनमध्ये छळाविरुद्धचा १९९७ चा कायदा आहे, ज्यात असे वर्तन दोन वेळा घडले तरी पुरते. जपानमध्येही पाठलागाविरुद्ध २००० साली स्वतंत्र कायदा झाला. शिक्षणाचा व्हिसा अशा एका तक्रारीने धोक्यात येतो.

शेवटी आईवडील भेटीला येतात तेव्हाची गोष्ट. आमची आई लेस्टरला तीन महिने होती, तेव्हा तिने पुरणपोळ्या करून डब्यात घालून शेजारणीकडे न विचारता नेऊन दिल्या. शेजारीण दारातच थोडी गोंधळली, मग आनंदली. दोन दिवसांनी डबा धुऊन पुसून परत आला, त्याबरोबर आभाराचे सुरेख कार्ड होते आणि डबा रिकामा होता. रिकामा डबा परत करू नये, निदान चिमूटभर साखर तरी घालावी, या नियमात आयुष्य गेलेल्या आईला ते लागले. "कार्ड काय खायचं हाय का" असे ती फोनवर मला म्हणाली. रशियात तिची तक्रार समजली असती, कारण तिथेही भांडे रिकामे परत करत नाहीत, आणि जुन्या वळणाच्या जपानी घरातून तर धुतलेल्या डब्यात काहीतरी छोटेसे घालूनच तो परत आला असता. ब्रिटनमध्ये ते कार्डच परतफेड असते. म्हणून तिथे जाणाऱ्या आईवडिलांना दोन गोष्टी सांगून ठेवाव्यात: शेजाऱ्याकडे जाण्याआधी मुलाकडून संदेश पाठवून वेळ विचारावी, आणि जो परत मागावा लागणार नाही अशा डब्यातून पोळ्या द्याव्यात.